तपासणीच्या रांगेतल्या बादल्या

आमच्या खालच्या वस्तीतल्या इस्त्रीवाल्या वहिनीच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. वरच्या कॉलनीतले कपडे तिच्याकडे यायचे, आणि कपड्यांसोबत तिकडच्या बातम्याही. तिकडे एखादीला छातीत गाठ लागली, तर महिन्याभरात ऑपरेशन होऊन बाई हिंडतीफिरती व्हायची. आमच्याकडे कळायचं तेच अंथरूण धरल्यावर. दवाखाना दोन बस बदलून, त्यात दिवसाची मजुरी बुडणार. वहिनीची जाऊ अशीच हातची गेली.

आता नणंदेचा डावा हात वर होईना. "मुरगळलाय गं," ती म्हणायची. वहिनीने एकदा जबरदस्तीने चाचपून पाहिलं आणि काखेजवळ, छातीच्या कडेला गाठ हाताला लागली. पण नणंद मजुरी बुडवून दवाखान्यात जायला तयार होईना.

मग वहिनीने दवाखान्यात खेटे घालून घालून गाठीच्या तपासणीची फिरती गाडी वस्तीत आणवलीच. पण गाडी आली नेमकी पाण्याच्या टँकरच्या वेळेला! बायका सगळ्या तिकडे. गाडीतली डॉक्टरीण वाट बघून कंटाळली.

"इथे कुणाला गरजच दिसत नाही. निघतो आम्ही."

"बाई, गरज आहे हो! पण टँकर गेला तर आठवडाभर प्यायचं काय?"

आमच्याकडे रांगेत ठेवलेलं भांडं म्हणजे माणूसच. त्याला कुणी हात लावत नाही. वहिनीने घरातली बादली आणून गाडीच्या पायरीशी आदळली. "हा नणंदेचा नंबर! चला गं, इथेही भांडी लावा, पाणी भरून या!" बघता बघता गाडीमागे बादल्या, डबे, पातेल्यांची रांग लागली. डॉक्टरीण हसायलाच लागली.

नणंद तरी हलेना. "माझा पाण्याचा नंबर आला की हंडा भरणार कोण?"

"तुझा भाऊ उभा राहील की!"

"मी? बायकांच्या रांगेत?" वहिनीचा नवरा कुरकुरला.

"का, पाणी पिताना बरं लाजत नाहीस!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. तो हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिला.

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती, पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले नि परत आले. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीण म्हणाली, "वेळेवर आलात म्हणून निभावलं."

"आम्ही आधीही आलो असतो बाई," वहिनी म्हणाली, "तुमची गाडीच तेव्हा पहिल्यांदा आली."

आता गाडी दर महिन्याला येते, टँकर गेल्यावर. आणि घरोघरी फिरून बायकांना हाताला धरून बाहेर काढते ती नणंदच. डाव्या हाताने.