चासी गेलीय, बाई

जीपवाल्या बाईंचे पाय मी आधी पाहिले, तोंड नंतर. त्र्यंबक रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर एका सकाळी एक जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन गोरे, धुळीने माखलेले पाय बाहेर आले होते. पायांत चामड्याच्या जाड चपला. कुणीतरी गाडीखाली सापडलं असं समजून मी ओरडत धावलो, तर खालून शांत आवाज आला, "मिस्त्री, जॅक हाय का? माझा लय लहान हाय."

बाई मूळच्या डेन्मार्कच्या, नर्स. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी नाशकात आल्या. परदेशातल्या एका संस्थेने हरसूलच्या बाजूला पाड्यापाड्यांवर दवाखाने काढले होते, ते चालवायचं काम त्यांच्याकडे होतं. राहायला गंगापूर रोडला भाड्याची बंगली, पण मराठी शिकल्या होत्या हरसूलच्या बायकांकडून. त्यामुळे शहरातल्या दुकानात शिरून ही सहा फुटी गोरी बाई "साबण हाय का, दादा?" म्हणाली की दुकानदार आधी तिच्यामागे कोण बोलतंय ते बघायचा.

जॅक द्यायला मी साफ नकार दिला. मी देवळ्याकडून कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून नाशकात आलेला माणूस. ट्रकखाली झोपून, उस्तादांच्या लाथा खाऊन काम शिकलो आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. ते गॅरेज काय जॅक भाड्याने द्यायला टाकलं होतं? मी म्हणालो, "बाई, गाडी इथं उघडली तर काम माझ्या हातानं होईल. नाहीतर ढकलत घेऊन जा." बाई जीपखालून बाहेर आल्या, कपाळावरचं ग्रीस पुसायच्या नादात आणखी पसरवलं आणि म्हणाल्या, "बरं. काम तू कर. मी बाजूला बसून बघीन." हे सोपं वाटलं म्हणून मी कबूल केलं. नऊ वर्षं त्या बाजूला बसून बघत होत्या.

बघणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. बाईंचा एकच प्रश्न असायचा, "का?" क्लच प्लेट गेली. का गेली? मी म्हणायचो, "गेली म्हणजे गेली, बाई. वस्तू आहे, झिजते." त्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायच्या. एका वर्षात तिसऱ्यांदा प्लेट गेली तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "का?" माझं डोकं फिरलं. हातातला पाना आपटला, दोन शब्द बोललो, आणि मग त्यांना गप्प करण्यासाठी म्हणून सगळं खोलून दिवसभर शोधत बसलो. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून प्लेटवर येत होतं. दोनदा नवी प्लेट टाकताना मला ते दिसायला हवं होतं. बाईंनी डब्यातली चिक्की पुढे केली, एवढंच. त्या दिवसापासून मीही मोडलेली वस्तू हातात घेतली की आधी "का" विचारायला लागलो. गॅरेजचं नाव झालं ते त्यानंतर, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

घरची कामंही हळूहळू माझ्याकडे आली. ती माझी कामं नव्हेत. पण बाईंचं इथं एक वेगळंच अडायचं. बंगलीतला नळ गळायला लागला म्हणून त्यांनी नळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो." बाईंनी दुसऱ्या दिवशीचा पाड्यावरचा फेरा रद्द केला आणि सकाळी सातपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. तो आला नाही. संध्याकाळी निरोप आला, उद्या येतो. त्या पुन्हा बसल्या. चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये आल्या आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मिस्त्री, उद्या म्हणजे कधी?"

मी म्हणालो, "उद्या म्हणजे नाही."

"मग नाय असं का नाय सांगत?"

"तोंडावर नाही म्हटलं तर माणसाला वाईट वाटतं."

"तू तर मला तोंडावर नाय म्हणतोस. जॅक पण नाय दिला."

"मला कुणाला वाईट वाटल्याचं काही वाटत नाही, बाई."

त्यांनी जरा विचार केला. "हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मग मी तुझंच ऐकत जाईन." मला ते कौतुकच वाटलं. नळाचा वायसर मी त्याच दुपारी जाऊन बदलला. पुढे बंबाची गळती, पावसाळ्याआधी कौलं चाळणं, फ्यूज, दाराची कडी, सगळ्यासाठी मीच. कौलांवर मात्र त्या स्वतः चढायच्या. मी खाली उभा राहून कौलं हातात द्यायचो आणि घरमालक वकीलसाहेब रस्त्यावरून जाणाऱ्यांना सांगायचे, "मी काही चढवलेलं नाही त्यांना. स्वतःच चढल्यात."

बाईंमध्ये एक मोठी खोट होती. त्यांना घासाघीस यायची नाही. मी कामाचा आकडा सांगायचो तो समोरचा कमी करणार हे धरून सांगायचो. सगळेच तसं करतात. समोरच्याने कपाळाला हात लावायचा, मी मुलाबाळांची शपथ घ्यायची, त्याने चार पावलं जायचं, मी हाक मारायची. यातच कामाची मजा आहे. बाई म्हणायच्या, "बरं." की झालं. आकडा जास्त मिळूनही माझा दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा. शेवटी वैतागून मीच त्यांना रास्त सांगायला लागलो. शेजारचा वेल्डर रहीमभाई हसायचा. "शेठ, सगळ्या नाशकात तुम्ही एकाच माणसाला खरा भाव सांगता, आणि तिला त्याचा पत्तापण नाही."

आता जीपबद्दल. ती जीप मला हवी होती. गॅरेजमध्ये कुणालाही विचारा, सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी ती घेतली तेव्हा पेट्रोलवर होती आणि घाट चढताना रडायची. मी जुनं इंजिन उतरवून तिला डिझेलचं बसवलं. माउंटिंग माझ्या हातची, रेडिएटर पुढे सरकवला तो माझ्या डोक्याने. हरसूलच्या रस्त्याने नऊ वर्षं दगड खाल्ले, पण तिच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, कुठे केसाएवढी चीर नव्हती. एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पण माझ्या नावावर एकही नव्हती. मनाशी धरलं होतं, घेईन तर हीच.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात बाईंच्या आईचं दुखणं वाढलं. इकडे दवाखानेही दुसऱ्यांच्या हाती जाणार होते. बाईंचं परत जायचं ठरलं. एका दुपारी जीप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हिचं काय करू? तू बघ आणि सांग."

या घडीची मी नऊ वर्षं वाट बघत होतो. मी गाडीखाली शिरलो, उगाच इकडेतिकडे पाना वाजवला, जरा जास्तच वेळ लावला. आणि बाहेर येऊन, कुणीही घेणारा करतो तेच केलं. हवी असलेल्या वस्तूला आधी नावं ठेवायची असतात. बैलबाजारात ठेवतात, भांड्यांच्या दुकानात ठेवतात. मी तोंड पाडून म्हणालो, "काही खरं नाही, बाई. चासी गेलीय. वरून दिसत नाही, पण आतून खाल्लीय रस्त्यानं. एखाद्या दिवशी सावळ घाटात दोन तुकडे होतील."

यावर त्यांनी म्हणायला हवं होतं, असं कसं, नीट बघ. मग मी म्हणणार होतो, बघतो, पण तुमच्यासाठी म्हणून. मग त्या काहीतरी म्हणाल्या असत्या. असं करत आम्ही कुठेतरी पोचलो असतो. बाई म्हणाल्या, "बरं." आणि जीप घेऊन गेल्या.

मी दोन दिवस गेलो नाही. अशा वेळी जो आधी जातो तो पडतो. तिसऱ्या दिवशी सकाळी रहीमभाई गॅसच्या नळ्या गुंडाळत माझ्या दारात आला. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

"शेठ, काल बाईंच्या घरी होतो," तो म्हणाला. "जीपची चासी कापली."

"काय कापली?"

"चासी. मधोमध. त्या म्हणाल्या, मिस्त्री बोलला गाडी घाटात तुटणार. मग विकायची कशी, घेणारा मरेल. कुणी भंगारातून उचलून परत रस्त्यावर आणू नये म्हणून कापून टाक."

"आणि तू कापलीस?"

"मला दिसत होतं की पक्की आहे. ज्योत लावली तर लोखंड असं काही चांगलं निघालं, वा. पण तुमचा शब्द, मी कोण बोलणार?" मग बिडी काढत म्हणाला, "आता करा भाव."

मी सायकलवर टांग टाकली ती थेट बंगलीवर. फाटकातूनच ओरडायला सुरुवात केली. अंगणात माझ्या जीपचे दोन भाग पडले होते आणि इंजिन बाजूला लाकडी ओंडक्यांवर नीट ठेवलं होतं. बाई त्याच्यावरची धूळ पुसत होत्या.

"कुणाला विचारून कापली?"

"तुला विचारून," बाई म्हणाल्या.

मी कापलेल्या चासीपाशी मटकन खाली बसलो. त्यांना वाटलं, मला गाडीचं वाईट वाटतंय. त्या उठल्या, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "इंजिन चांगलं हाय, नाय का? तू बसवलं. ते मी पाड्यावर देते. दवाखान्याखाली ओहोळ हाय, बायका डोक्यावर पाणी आणतात. इंजिनाला पट्टा लावून पंप लावू. तू येशील?"

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? दोन दिवसांनी ट्रकमध्ये इंजिन घालून आम्ही हरसूलच्या पुढे त्या पाड्यावर गेलो. चौथरा बांधून ठेवलेला होता. सकाळपासून मी राबलो. कुणावर राग काढायचा ते कळत नव्हतं म्हणून नटांवर काढला. दुपारी इंजिन सुरू झालं, पंपाने दोन उचक्या दिल्या आणि वर दवाखान्याच्या टाकीत पाणी पडायला लागलं. बायका घागरी घेऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. एका म्हातारीने टाकीत हात घालून ते खरं आहे का ते पाहिलं. बाई सगळ्यांना म्हणाल्या, "इंजिनाला काय झालं तर या मिस्त्रीला निरोप पाठवा. हा सांगेल तसंच करा. हा खोटं नाय बोलत."

ते ऐकून मला बसवेना की उभं राहवेना.

परतीला एसटी. जीप नव्हती ना. बाई खिडकीशी, मी शेजारी, गुडघ्यांवर हत्यारांची पिशवी. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, "बाई, चासी चांगली होती."

त्या अर्थातच म्हणाल्या, "का?"

"मला घ्यायची होती ती गाडी."

"मग घ्यायची हाय असं बोलायचं."

"तसं बोलत नाहीत. आमच्यात आवडलेल्या वस्तूला आधी नावं ठेवतात."

"लग्नाला पोरगी बघतात तेव्हा पण?"

"तेव्हा तर फारच."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की कंडक्टर येऊन बघून गेला. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "नऊ वर्षं तू सांगितलं ते सगळं मी आता परत बघू? ब्रेक, बंब, सगळं?"

मला आयुष्यात पुष्कळांनी लबाड म्हटलंय. मी उलट चार शिव्या देऊन मोकळा झालोय. या प्रश्नाला माझ्याकडे शिवी नव्हती. मी म्हणालो, "बाकी सगळं खरं होतं. हे एकच खोटं."

मी वाट बघत होतो, आता त्या विचारतील, कशावरून. त्यांनी विचारावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे मला शपथ घेता आली असती. त्या म्हणाल्या, "बरं." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. नाशिक येईपर्यंत मी हललो नाही.

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. पाड्यावरचं इंजिन वीज येईपर्यंत चाललं. दर पावसाळ्याआधी मी जाऊन बघून यायचो, येण्याजाण्याचं काही घेतलं नाही, तसं घेणं बरं दिसलं नसतं. बाईंवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणायला हवं होतं, नीट बघ. ती जीप आज माझ्या दारात असती.

शिवाय त्यांनी मला धंद्याला निकामी करून ठेवलं ते वेगळंच. परवा विंचूरला एकाकडे एक गाडी बघायला गेलो होतो. चांगली होती. खालून बघून बाहेर आलो, तोंड पाडायचा प्रयत्न केला, जमेना. सरळ म्हणालो, "गाडी चांगली आहे. मला हवी आहे." त्याने तिथल्या तिथे किंमत वाढवली. मी असा भडकलो की त्याच्या घरातली माणसं बाहेर आली. तासभर भांडलो, चार पावलं गेलो, त्याने हाक मारली, परत आलो, आणि गाडी घेतली.