ढोलावरचं कुंकू

आमच्या जपानी ढोलांच्या गटात एक नियम कडक आहे. आधी ढोलासमोर वाकून नमस्कार, मगच काठीला हात. स्टुटगार्टमधल्या एका शाळेच्या जिममध्ये दर शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण ताईको वाजवतो. नवशिक्यांना मी शिकवते, चिकटपट्टी गुंडाळलेल्या जुन्या टायरांवर, कारण खऱ्या ढोलाचं चामडं नाजूक.

सासूबाई गेल्यावर सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे. काही विचारलं की "हो", नाहीतर "नको". शेवटी एका शनिवारी मी त्यांना जिममध्ये नेलं आणि हातात काठ्या दिल्या. टायर बडवता बडवता हा माणूस चक्क हसला! मग गुरुवारपासूनच विचारायला लागले, "अगं, परवा जायचंय ना?"

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. सकाळी घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याची पूजा झाली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कुंकवाची पुडी खिशात घातली ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी अडवलं नसतं, हे आधीच सांगून टाकते. मी टायर मांडत होते तोवर त्यांनी सगळ्यात मोठ्या ढोलाला ओल्या बोटाने कुंकू लावलं आणि हात जोडले.

गटप्रमुखाने ते पाहिलं. हा जर्मन गृहस्थ जपानला जाऊन शिकून आलेला. त्याने ओलं फडकं घेऊन खसाखसा पुसलं आणि बोटाएवढा ठिपका तळहाताएवढा केला. मग माझ्यावर ओरडला, "वाद्याचा आदर करायचा असतो, एवढंही कळत नाही का?"

आदर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर शनिवारी तू वाकतोस ते काय, आणि हे काय? सगळं ओठांवर आलं होतं. पण महिन्याभरात कार्यक्रम होता, आणि सहा वर्षं खपून उभा केलेला माझा वर्ग त्याच्या एका शब्दावर बंद झाला असता. मी जर्मनमध्ये म्हणाले, "माफ करा. वय झालंय त्यांचं. डोकं ठिकाणावर नसतं हल्ली."

तो लगेच निवळला. "आख सो," म्हणजे 'अच्छा, असं होय', म्हणत त्याने बाबांच्या खांद्यावर थोपटलं, आणि मला हळूच सांगितलं की यापुढे त्यांना आणू नका, विम्याचा प्रश्न येतो. बाबा त्याच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मिटलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, आणि त्याहून जास्त माझंच थोबाड फोडावंसं वाटलं.

माझी दहा वर्षांची मुलगी तिथेच होती. एरवी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी ही पोर परतताना एस-बानच्या लोकलमध्ये नेमकी मराठीत बोलली.

"आजोबा, तुमचं डोकं बिघडलंय? आई त्या काकांना म्हणाली."

त्या गटप्रमुखाचा मला आजही संताप येतो. पण त्याला निदान खरं ठाऊक नव्हतं. मला होतं.

बाबा तिला म्हणाले, "आई म्हणाली ना? मग बिघडलं असेल."

आणि माझ्याकडे वळून, अगदी काळजीने, त्यांनी विचारलं, "तुझा वर्ग राहिला ना गं?"