तापीची आण

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या गिरधर पाटलाच्या धाकट्या मुलीचं नाव तापी. नदीकाठच्या गावात तापी नावाच्या पोरी पाहिजे तितक्या, त्यात नवल काही नाही. पण ही तापी फुटबॉल खेळायची. हो, लुगड्याचा काचा मारून, अनवाणी! साल एकोणीसशे अडतीस-एकोणचाळीसचं. नंदुरबारला मुलींची एक शाळा निघाली होती, बायकांच्या विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठानं कळवलं, मुलींना मैदानावर काढा. तर तिथल्या मोठ्या बाईंनी थेट फुटबॉलचं मंडळच काढलं. पुण्याकडच्या बाई त्या, त्यांना कोण अडवणार?

तापीबरोबर गावातलीच कौसा होती. दोघी एकाच बैलगाडीतून बोर्डिंगात आल्या, एकाच सतरंजीवर निजायच्या. तापीचे पाय नदीच्या वाळूत म्हशींमागे पळून तयार झालेले, तिच्या पायातून चेंडू काढायची कुणाची टाप नव्हती. कौसाला मात्र लगेच धाप लागायची. बाईंनी तिला पाण्याची कळशी घेऊन कडेला बसवलं. कौसा हसत बसायची, आणि त्या हसण्याला आमची तापी भुलली.

हिवाळ्यात धुळ्याच्या मुलींशी सामना ठरला होता. जिंकलं तर विद्यापीठ मुलींना पुण्याला नेणार, आणि बाई म्हणाल्या होत्या, "तापी, तू एकदा तिथं पोचलीस की तुझ्या पुढच्या शिक्षणाचं मी बघते." मास्तरीण व्हायचं! तापीला दुसरं काही सुचेना. घरी मात्र फक्त 'कवायत' एवढंच ठाऊक होतं. सारंगखेड्याच्या एका घरातून तिला मागणी आलेली होती. पोर चारचौघांत लाथा झाडते हे कळलं असतं, तर पाटलानं तिला दुसऱ्या दिवशी बोहल्यावर उभं केलं असतं.

श्रावणात कानबाईच्या सणाला दोघी गावी आल्या. घाटावर धुणं धुताना तापी म्हणाली, "कौसा, घर मा कोनले सांगू नको वं."

"कोनले सांगू मी? तापीनी आन!"

बस्स, तापीचा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे आण म्हणजे काही पोरखेळ नव्हे. माणसाची आण घेऊन मोडली तर त्या माणसाच्या जिवावर बेतते. नदीची मोडली तर मोडणाऱ्याचं घर बुडतं. इतकी जड आण घेतल्यावर कसली आलीय काळजी?

सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. खळ्यांवर वाळणाऱ्या मिरचीचा खकाणा मैदानापर्यंत येत होता, पोरी शिंकत शिंकत खेळत होत्या. तापीच्या पायात चेंडू आला, ती दोघींना चुकवून निघाली, आणि समोर लाल पागोटं दिसलं.

"माय वं, आबा उना!"

क्षणभर वेडीला वाटलं, बाप खेळ बघायला आला. गिरधर पाटील सरळ मैदानात शिरला, तिचं मनगट धरलं. ओरडला नाही की मारलं नाही. "चाल," एवढंच म्हणाला.

तापीनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या नक्की मध्ये पडतील! बाईंनी एकदा खुर्चीतल्या पाहुणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलगी तुमची आहे, पाटील." मग वळून हाक मारली, "कौसा, तू उतर."

कौसानं कळशी खाली ठेवली आणि उठली. तिचा काचा आधीच मारलेला होता. मेलीनं सकाळपासून लुगडं आवळून ठेवलं होतं!

गाडीत बाप म्हणाला, "कौसानी सांगं म्हनीसन समजनं. भली पोर शे." पुणं गेलं, शाळा गेली, पण घरापर्यंत तापीच्या डोळ्यांपुढं तो आवळलेला काचाच येत राहिला.

लग्न झालं. सारंगखेड्याचा दोधू, नवरा म्हणून वाईट नव्हता. कापूस, मिरची, दोन लेकरं, सासूचं दुखणं, संसार चालला. रात्रंदिवस जिचा राग करावा, तिच्यासाठीच तापीला धास्ती वाटे. नदीची आण मोडलीय पोरीनं, घर बुडेल तिचं! म्हणून दरवर्षी दत्ताच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजाराची गर्दी ओलांडून ती तापीच्याच पात्रात उतरायची आणि नारळ सोडायची. "माय, पोरबुद्धीनं चुकली ती, तिच्यावर कोपू नको." आहे की नाही कमाल? जिनं गळा कापला, तिच्यासाठी नारळ!

अशाच एका यात्रेत घाटावर कौसा भेटली. पायात चपला, हातात छत्री, तळोद्याला मास्तरीण झालेली. बोलणंसुद्धा शाळेतल्या मराठीत. "मलाही खेळायचं होतं गं," ती म्हणाली. "किती दिवस कळशी धरून बसायचं?"

तापीनं ते ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. हातातला नारळ पुढं करून ती म्हणाली, "हाऊ तुन्हासाठेच शे. दरसाल सोडस मी. तू तापीमायनी आन मोडी ना, तुन्हं काही वाईट व्हवाले नको."

कौसाला खरंच नवल वाटलं. "अगं बाई! नदीची खोटी आण कोण घेईल? मला लेकरंबाळं व्हायची होती. मी तुझी घेतली होती."

तापीनं नारळ पदराखाली घेतला आणि बाजारातून वाट काढत घरी आली. उंबऱ्यावर आपटून तो फोडला, मिरची घालून पाट्यावर खमंग चटणी वाटली आणि लेकरांच्या ताटात वाढली. नदीला त्या वर्षी काही मिळालं नाही.