हिसड्यांची चाचणी

"आदीं मार, मागीर विचार," असं म्हणत पात्रांव चालू सर्व्हरची केबल हिसडत. उजव्या हातात केबल, डाव्या हातात अर्धा खाल्लेला उंडो पाव आणि नजर माझ्या पडद्यावर.

"किती मेले, बाये?"

मेलेले म्हणजे ब्लॉक. गोव्यात डिचोलीच्या त्या खासगी इस्पितळात नव्या इमारतीत स्कॅन होत, जुन्या इमारतीत शस्त्रक्रिया आणि दाराशेजारीच आमची सर्व्हरची खोली. प्रत्येक स्कॅनचे तुकडे, म्हणजेच ब्लॉक, दोन्हीकडच्या डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी एक मुक्तस्रोत प्रणाली तिथे होती. जगभरचे प्रोग्रामर तिची विनामोबदला देखभाल करत. पात्रांव त्यांच्यापैकी एक. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच रुजू झाले होते. ते केबल तोडत आणि मी न जुळणारे ब्लॉक मोजत असे.

पात्रांव म्हणजे मालक. ते कशाचेच मालक नव्हते, पण तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या येण्याने खोलीतल्या वस्तू सावध होतात. सैल जोडणी ठेवली म्हणून त्यांनी ठेकेदाराची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबल्याचं मी पाहिलं आहे. कीबोर्ड ते भिरकावत, आणि मग जमिनीवर बसून एकेक कळ शोधून पुन्हा बसवत. माझ्या टेबलावर रोज एक उंडो असे. तो कोण ठेवतं याची चर्चा करायची नाही, असा अलिखित नियम होता.

दोष असा होता : दोन इमारतींमधला दुवा तुटून पुन्हा जोडला गेला की कोणाची प्रत ताजी, हे दोन्ही सर्व्हर आपसांत ठरवत. ते ठरत असतानाच दुवा पुन्हा तुटला, तर शिळी प्रत स्वतःला ताजी समजे आणि नवी माहिती पुसून टाकी. पात्रांवांनी हे कळवलं, तेव्हा परदेशी सहकाऱ्यांचं उत्तर आलं : आमच्याकडे असं घडत नाही.

"घडत ना म्हणे! हे केबल कशी काडटात? देवाक फूल घालतात तशी," पात्रांव म्हणाले आणि उत्तर लिहिलं : तुम्ही ती एकदाच काढता. आमच्याकडे ती तडफडून मरते.

ते खरं होतं. आमची केबल दोन इमारतींमधल्या अंगणावरून लोंबकळत गेलेली होती, आणि रस्त्यावरून खनिजाचा ट्रक गेला की खांबासकट थरथरे. पात्रांवांनी दुरुस्ती लिहिली. ती परदेशातून मंजूर व्हायची होती.

त्या दुपारी खनिजाच्या ट्रकाखाली एक तरुण चिरडला गेला. तो पात्रांवांच्याच गावचा होता. जमावाने सिंधुदुर्गातल्या त्या ड्रायव्हरला लोखंडी सळ्यांनी ठेचलं. कवटी फुटलेल्या अवस्थेत तो आमच्याकडे आला, आणि मागोमाग जमावही आला. पहिल्याच दगडांत फिल्म छापणारं यंत्र फुटलं. ड्रायव्हरला स्कॅन काढून जुन्या इमारतीत आणलं, तोच अंगण माणसांनी भरलं. आता ड्रायव्हरचा स्कॅन जुन्या इमारतीतल्या सर्जनपर्यंत पोचायला एकच वाट होती, ती केबल, आणि खाली उभे असलेले लोक तिला लोंबकळत होते.

पात्रांवांनी स्वतःची दुरुस्ती दोन्ही सर्व्हरवर चढवली.

"पात्रांव, अजून पुरती तपासलेली नाही," मी म्हणाले.

"तपासपी भायर उबे आसात," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी इमारतीचं दार ओढून घेतलं.

मला आवाज ऐकू येत होते.

"आमचो भुरगो मेलो. ताका मारपी भितर, आनी तूं दारार? आमचोच न्ही तूं?"

"तुमचोच. मारूंक जाय जाल्यार हांगा मार."

लोकांनी मग त्यांनाच मारलं. सळई हाडावर बसते तो आवाज दारातून वेगळा ओळखू येतो. पडद्यावर दुवा तुटत होता, जुळत होता, जुळता जुळता पुन्हा तुटत होता. आणि दर वेळी ताजी प्रतच टिकत होती. स्कॅन पोचला. सर्जननी ड्रायव्हरला टेबलावर घेतलं. तो जगला.

पोलीस आले तेव्हा पात्रांव दाराला टेकून बसलेले होते. डावा कान जागेवर नव्हता. त्यांचा स्कॅन नव्या इमारतीत काढला, आणि तो त्याच अर्धवट उपटलेल्या केबलवरून आमच्याकडे आला. कवटीच्या आत रक्त साचत होतं. इस्पितळात टेबल एकच होतं आणि त्यावर ड्रायव्हरची कवटी उघडलेली होती. टेबल मोकळं झालं तेव्हा पात्रांवांना त्याची गरज उरली नव्हती.

पुढे परदेशातून निरोप आला : दुरुस्ती मंजूर आहे, आभार. चाचणी कोणत्या माहितीवर केली आणि निकाल काय, तेवढं कळवावं.

मी पात्रांवांच्या स्कॅनच्या दोन्ही प्रती ब्लॉकमागून ब्लॉक ताडून पाहिल्या. मग उत्तर लिहिलं. माहिती : एका रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन. दुवा : सतत तुटता. न जुळणारे ब्लॉक : ०.