जिलानी मिस्त्री आणि सगळ्यांना बसणारा इंटरकूलर

लातुरात औसा रोडला ‘जिलानी रेडिएटर वर्क्स’ असा एक बोर्ड आहे. बोर्ड सरळ आहे, त्याखालचं पत्र्याचं दुकान जरा कललेलं आहे आणि दुकानातले जिलानी मिस्त्री दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीत वाकलेले असतात. त्यांना ताठ उभं राहिलेलं फक्त ईदला पाहायचं.

मिस्त्रींच्या तोंडी नकार नाही. ही सवय भूकंपाच्या सालची. किल्लारीकडे मदतीच्या गाड्यांची रांग लागली होती आणि त्यातल्या निम्म्या वाटेतच उकळून बंद पडत होत्या. मिस्त्री गळक्या रेडिएटरला डाग द्यायचं सामान घेऊन गेले ते दीड महिना रस्त्यावरच राहिले. पंजाबच्या ट्रकचा पाइप गुजरातच्या टँकरला, टँकरचं झाकण जीपला. ‘बसत नाही’ म्हणायला तिथे कुणाला सवड नव्हती. पाणी पुढच्या गावाला पोचायचं होतं. मिस्त्री परत आले ते एकच वाक्य घेऊन, “माझ्या हातची गाडी उकळत न्हाई.”

पुढे गावं पत्र्याच्या शेडांतून उठली आणि शहर थेट क्लासला जाऊन बसलं. गल्लोगल्ली सर झाले. त्यातले दयानंद सर फिजिक्सचे. त्यांच्याकडे डॉक्टर होणाऱ्याला, इंजिनिअर होणाऱ्याला आणि अजून काहीच न ठरलेल्याला नोट्सचा एकच गठ्ठा मिळे. सरांनी एक जुनी परदेशी गाडी घेतली होती. तिला सुपरचार्जर होता. त्याचा अर्थ सरांना ‘जास्त पावर’ एवढाच माहीत होता आणि तेवढा पुरेसा होता.

एका एप्रिलात सर दुकानात आले ते भलं मोठं खोकं घेऊन. आत चकचकीत जाळीचा चपटा इंटरकूलर, ॲल्युमिनियमचे पाइप, रबरी नळ्या आणि मूठभर क्लिपा.

“मिस्त्री, हा पुढच्या बंपरमध्ये बसवायचा. युनिव्हर्सल किट आहे. कुठल्याही गाडीला बसतं.”

मिस्त्रींनी जाळी गाडीपुढे धरून पाहिली. जाळी बंपरपेक्षा चार बोटं रुंद होती.

“सर, कुठल्याही गाडीला बसतं म्हंजे कोणत्याच गाडीचं माप घेतलेलं न्हाई.”

“म्हणजे बसत नाही?”

“असं कुठं म्हणलो? बसवतो की.”

शेजारी डिझेल पंपाचं काम करणारे बसवराज मिस्त्री हे ऐकत होते. ते उदगीरचे. पंचवीस वर्षांची दोस्ती असल्यामुळे त्यांना जिलानींचं काहीही चांगलं बोलवत नसे. त्यांनी विचारलं, “हे असतंय तरी कशाला?”

“सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो,” जिलानी म्हणाले. “सरांच्या एका खोलीत दोनशे पोरं कोंबली की खोली तापते का न्हाई? तशी हवा तापते. मग ती या जाळीतून फिरवून थंड करायची अन् मग इंजिनाला द्यायची.”

“आमच्या खोल्यांना एसी आहे,” सर म्हणाले.

“हाव, केबिनला हाय.”

काम अकरा दिवस चाललं. बंपरच्या आतली पट्टी कापली, हॉर्न सरकवला. किटमधला एकही पाइप जागेवर पोचेना. एक बॅटरीला धडके, दुसरा चाकाला घासे. मिस्त्रींनी सगळे कापून, वळवून पुन्हा जोडले. हवेच्या दाबाने नळी निसटू नये म्हणून प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी वेल्डिंगचा बारीक काठ उभा केला. मग एक टोक बंद करून पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरली आणि घरच्या साबणाचं पाणी सांध्यांवर फिरवलं.

“भांडी कशानं घासू? तुमच्या गाडीच्या फुग्यानं?” त्यांच्या बायकोने, अख्तरीभाभींनी, रिकामी साबणदाणी दाखवत विचारलं.

“फुगाच तर येऊन न्हाई राहिला, म्हंजे हवा कुठंच गळत न्हाई,” मिस्त्री आनंदाने म्हणाले. भाभींनी कपाळावर हात मारला.

चाचणीला गाडी अहमदपूर ओलांडून लोह्यापर्यंत नेली. रस्ता मोकळा, समोरून भरपूर वारा. इंजिनाच्या गरमीचा काटा मधोमध उभा राहिला तो हललाच नाही. मिस्त्रींनी परतल्यावर बोनेटवर फडकं मारलं आणि सरांनी तेव्हा कुठे खरं कारण सांगितलं.

“निकाल लागला की मिरवणूक काढायची. नांदेडच्या एका सरांनी गेल्या वर्षी घोडा आणला होता. आपल्या क्लासची पहिली आलेली पोरगी या गाडीत. क्लासपासून गंजगोलाईच्या बाजारापर्यंत. पुढे बँड.”

मिस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं. “बँडच्या मागं? चालत्या माणसाच्या चालीनं? जूनमधी?”

“मग काय शर्यत लावू?”

“सर, ही जाळी पळत्या गाडीची हाय. उभ्या गाडीत ती रेडिएटरच्या म्होरं नुसती भिंत हाय भिंत.”

बसवराज मिस्त्रींना आयुष्यात एवढी सोपी संधी मिळाली नव्हती. “गोलाईच्या अलीकडंच वाफ निघतीय बघा,” त्यांनी दुकानांच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

“निघाली तर बोर्ड उतरवतो,” जिलानी बोलून गेले. बोलून गेल्यावर त्यांनी वर बोर्डाकडे पाहिलं. तो वडिलांनी रंगवून दिलेला होता. पण वाक्य निघालं होतं आणि लाइनीतल्या बारा मिस्त्र्यांनी ते ऐकलं होतं.

निकाल लागला. अर्धापूरच्या ऋतुजाने सरांच्या क्लासचं नाव राखलं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून बातम्यांतच पडत होता. मिस्त्रींनी आदल्या दिवशी एक जादा पंखा बसवला होता. सकाळी पाहतात तो गाडीच्या तोंडावर इकडून तिकडे फ्लेक्स बांधलेला. मधोमध दयानंद सर, परातीएवढे. कडेला ऋतुजा, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आणि सरांच्या चेहऱ्याच्या बरोबर मागे ती जाळी.

“सर, हे काढा. हवा अडून राहिली.”

“मिस्त्री, मिरवणूक या फ्लेक्सची आहे. गाडी निमित्त आहे.”

बँड सुरू झाला. सर कोट घालून स्टिअरिंगला, ऋतुजा छताच्या खिडकीतून अर्धी बाहेर, मिस्त्री पाण्याचा डबा घेऊन बाजूने चालत, आणि मागून बसवराजसह बारा मिस्त्री, शोकसभेला जावं तसे शांतपणे. पहिल्या चौकातच काटा चढू लागला.

“हीटर लावा!” मिस्त्री ओरडले. “इंजिनाची गरमी आत ओढून घ्या.”

“जूनमध्ये हीटर? कोटात?”

“कोट काढा, पण हीटर लावा!”

सरांनी हीटर लावला. कोट काढला नाही, कारण फोटोग्राफर समोर होता. दुसऱ्या चौकात सर तांदळासारखे शिजले, तरी काटा लाल रेघेच्या बोटभर खालपर्यंत चढलाच. मिस्त्रींनी खिशातून पत्रा कापायची कात्री काढली.

“फ्लेक्स कापावा लागतो, सर.”

“खबरदार! माझा फोटो आहे.”

वरून ऋतुजा वाकली. “सर, हवाच अडली तर उष्णता जाणार कुठून? तुम्हीच तर शिकवलंय.”

“ते परीक्षेसाठी होतं!”

“मग मी उतरून चालते.”

उत्सवमूर्ती उतरली तर मागे फक्त घामाघूम सर उरणार होते. सरांनी मान फिरवली. मिस्त्रींनी ती होकारार्थी धरली आणि सरांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत गोल कापून काढला. आत जाळी चमकली, पंख्याने श्वास घेतला आणि काटा खाली सरकला.

पण तिसऱ्या चौकात पालकांनी हार आणले. एका काकूंनी आपला हार छिद्रावरच बांधला. काटा पुन्हा वर. मिस्त्रींनी हार काढला. ठेवणार कुठे? एका हातात डबा, दुसऱ्यात कात्री. त्यांनी तो गळ्यात घातला. मग ते गाडीच्या पुढेच चालू लागले. पुढे येणारा प्रत्येक हार मधेच झेलायचा आणि गळ्यात घालायचा. लोकांना वाटलं, हेच ते सर. त्यांनी हार थेट मिस्त्रींनाच घालायला सुरुवात केली. काहींनी पायालाही हात लावला.

गंजगोलाईला गाडी थांबली तेव्हा मिस्त्रींचे फक्त डोळे हारांच्या वर होते. बसवराजांनी बोनेट उघडलं, हात जवळ नेला, झाकणाशी कान लावला. बारा जण पाहत होते. वाफेचा पत्ता नव्हता. त्यांनी बोनेट बंद केलं.

तेवढ्यात लोह्याकडचे एक पटकेवाले गृहस्थ मिस्त्रींपुढे हात जोडून उभे राहिले. “सर, आमच्या शिवकन्येला तुमच्याकडं घ्या. अकरावीला हाय.”

मिस्त्री दमले होते, कान हारांत बुडाले होते आणि ‘शिवकन्या’ तेवढंच ऐकू आलं. त्यांना वाटलं, गाडीचं नाव असेल. नावं ठेवतात लोक. “आधी आणून दाखवा. बघितल्याबिगर मी सांगत न्हाई. प्रत्येकाचं येगळं असतं.”

गृहस्थांचे डोळे भरून आले. “सात क्लास फिरलो, सर. पोरीला आणून दाखवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. कुठं यायचं?”

उत्तर बसवराजांनी दिलं, तेही दुसरीकडे बघत.

“औसा रोडला या. बोर्ड हाय.”