बद्द वाजणारा दगड

पदनाम: परिचर (पायवाट). वर्ग: चौथा. वय: एकोणसाठ. शैक्षणिक पात्रता: पुरेशी नाही. विशेष कौशल्य: निरंक. वर्तणूक: आजवर समाधानकारक.

सेवापुस्तकातल्या या बाईला घळीच्या निसर्ग उद्यानात सगळे मावशी म्हणत. साहेबसुद्धा, काम असलं की.

दर वसंतात, फाटक उघडण्याआधी, मावशी हातात पहार घेऊन एकटी घळ चालून जायची. हिवाळ्यात भेगांत पाणी गोठतं नि दगड सुटतात. म्हणून हात पोचेल तिथवर ती कडा ठोकायची आणि कान लावायची. पक्का दगड खणखणीत बोलतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की त्यावर चुन्याची रेघ, मग गडी येऊन तो पाडायचे. ही विद्या सासऱ्यांची. एकतीस वर्षांत घळीत कुणाच्या डोक्यावर खडा पडला नव्हता. पण न पडलेल्या दगडांची नोंद कुठलंच कार्यालय ठेवत नाही.

गेल्या वसंतात झरा भरून वाहत होता, कपारींतून पिवळी फुलं डोकावत होती, आणि वळणावर, जिथून सगळी घळ नजरेत येते तिथे, एक कोराकरकरीत बाक होता. मुख्यालयातले मोठे साहेब शनिवारी ‘वसंत पदभ्रमणा’ला येणार, इथे बसणार, फोटो निघणार. बाकाच्या बरोब्बर वरचा दगड बद्द वाजला. मावशीने तो चार वेळा ठोकला. चौथ्यांदा तर आपलेच कान फुटके निघोत, अशी इच्छा धरून.

उद्यानाच्या साहेबांनी ऐकून घेतलं. गडी फाटकाला रंग देण्यात गुंतलेत, म्हणाले. शिवाय तपासणीच्या फॉर्मात रकाने दोनच, ‘ठीक’ आणि ‘दुरुस्त केले’. आवाजासाठी रकाना नाही.

“मग बाक तरी हलवा.”

“बाक नकाशात आहे, मावशी. नकाशा मंजूर झालाय.”

“दगडाला कळवलंत का तसं?”

साहेब हसले. मग, निवृत्तीला दहाच महिने उरलेत, पेन्शन सांभाळा, ‘ठीक’वर सही करा, असं मायेने सुचवलं. मावशीने सही केली नाही.

घरी सून भडकली. सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणारी ती. तिचं बोलणंही तेल न घातलेलं. “सगळ्या जगाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का, आई? लोकांना डोळे नाहीत?”

“डोळे आहेत गं. ठोकून बघणार कोण?”

सुनेने आणखी थोडी भांडी आपटली. मग खिळ्यावरचा सतरा नंबरचा पाना काढला.

शनिवारी उजाडता उजाडता दोघींनी चार बोल्ट सोडवले आणि बाक फरफटत दीडशे पावलं खाली आणला. सपाट जागा एकच होती, स्वच्छतागृहासमोरची. दमलेले मोठे साहेब तिथेच टेकले, फोटोही तिथलाच निघाला. उद्यानाच्या साहेबांच्या मानेवरची फुगलेली शीर मावशीला लांबूनही दिसली.

सोमवारी नोटीस आली: ‘शासकीय बाकाचे विनापरवाना स्थलांतर’. खुलासा मागवला होता. मावशीने सुनेकडून एक ओळ लिहवून घेतली: दगड बद्द आहे. खुलासा असमाधानकारक ठरला. पेन्शनसकट नोकरी गेली.

त्यानंतर बाराव्या दिवशी दगड पडला. कपाटाएवढा होता. चारही बोल्टांची भोकं त्याखाली गेली. दिवस सुट्टीचा, घळीत कुणी नव्हतं. अहवालात आलं की कार्यालयाने दूरदृष्टीने बाक वेळीच हलवल्यामुळे हानी टळली; साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. सुनेने ते पेपरातून वाचून दाखवलं. मावशीने पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग चप्पल घालून थेट कार्यालय गाठलं.

“बाक तुम्ही हलवलात, तर मला कशापायी काढलंत?”

साहेबांनी समजावलं, ते प्रकरण आस्थापना शाखेचं, हे सुरक्षा शाखेचं. दोन्ही फायली आपापल्या जागी बरोबर आहेत.

पुढे दगड फोडून उचलला गेला. मंजूर नकाशाप्रमाणे बाक वळणावर परत बसवण्यात आला. परिचराचं पद रिक्त आहे.

या वसंतात घळ कुणी ठोकली नाही.