बरणीवाले चाचा

बरणी उघडण्याआधी चाचा तिच्या झाकणावर बोटानं दोनदा टकटक करायचे, एखाद्याच्या घरी जाताना दार वाजवावं तसं. मग कान देऊन जरा थांबायचे आणि मगच झाकण सैल करायचे. दोह्याच्या इस्पितळातल्या लॅबमध्ये मी सांगलीहून नवा आलो, तेव्हा मला याचं हसू आलं होतं. आठवड्याभरात ते पळालं.

चाचा रत्नागिरीकडचे. जंतूंना हवा लागते की नाही, हे तपासणं त्यांचं काम. काहींना ती हवीच असते, काहींना दोन्ही चालतं, आणि काही हवेच्या एका घोटानं मरतात. या शेवटच्यांसाठी जाड काचेची बरणी होती. जंतू वाढवायच्या प्लेटा आत ठेवायच्या, रसायनानं प्राणवायू संपवायचा आणि दोन दिवस झाकणाला हात लावायचा नाही. आत कागदाची एक पट्टी असे. प्राणवायू संपला की ती पांढरी, शिरला की निळी. "आपला दम संपतो तिथं ह्यांचा दिवस उगवतो," चाचा सांगत. "ह्यांच्या घरात घाय करायची नाय." हे ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगत.

नमुन्याच्या नळीवर ते नुसता नंबर कधी लिहीत नसत. पेशंटचं नाव लिहीत, मराठी माणूस असला तर मराठीत. लॅबचा साहेब चिडला की म्हणत, "नंबराला आई नसते." त्यांच्या अशा बोलण्यामुळेच माझा त्यांच्यावर जीव जडला.

ज्ञानदेव बीडकडचा सुतार. बांधकामावर फळ्यांखाली त्याचा पाय चेंगरला. जखमेभोवती दाबलं की कातडीखाली हवा भरल्यासारखं करकर वाजायचं. चाचांनी जखमेचा नमुना बरणीत ठेवून एकच दिवस झाला होता. शुक्रवार, चाचांना सुट्टी, लॅबमध्ये मी एकटा. पाय कापायचा की नाही ते ठरवायला वॉर्डातून तीनदा फोन आला. मी बरणी उघडली. प्लेट कोरी होती. 'काही वाढलं नाही' असं कळवून मी झाकण लावून टाकलं.

शनिवारी सकाळी चाचांनी निळी पट्टी पाहिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उकळून हवा काढलेल्या मांसाच्या कढणात प्रत्येक नमुन्याचा एक थेंब ते नेहमी बाजूला ठेवत; मला ते ठाऊक नव्हतं. ती नळी त्यांनी उजेडात धरली. वर कढण नितळ, तळाशी गढूळ; हवा न सोसणारा जंतू तिथं वाढला होता. वॉर्डात फोन त्यांनीच केला. त्या दुपारी ज्ञानदेवचा पाय काढला, आणि रविवारी तो गेला.

डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता कदाचित. चाचा तसं म्हणाले नाहीत. त्यांनी माझी तक्रारही केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शवपेटी विमानात चढल्यावर मी ती नळी नष्ट करायला उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. बरणीत खरंच प्राणवायू उरला नाही ना, हे कळायला प्रत्येक वेळी एक ओळखीचा जंतू आत ठेवावा लागतो. लॅबमध्ये त्याला कंट्रोल म्हणतात. "आजपासून हा ठेवायचा," चाचा म्हणाले. "ह्याला तू सांभाळायचा."

दर आठवड्याला मी त्याला ताज्या कढणात घालत होतो. दुसऱ्या दिवशी तळातून ढग वर येऊ लागे, कुणीतरी आतून काचेवर श्वास सोडल्यासारखा. नळी बदलली तरी चाचांच्या अक्षरातली चिठ्ठी मी तीच लावायचो: 'ज्ञानदेव'. माणूस कधीच मातीत मिळाला होता आणि हे माझ्या हातात वाढत होतं. त्या खोलीत मी कधी त्या नळीकडे पाठ करून बसलो नाही.

चार वर्षांनी चाचांचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. ते निघताना मी विचारलंच, "चाचा, आता टाकू का हिला?"

"टाक ना," ते म्हणाले. "आधी त्याच्या घरी पत्र घाल. काय झालं ते सगळं लिव. मग टाक."

ते पत्र मी दोनदा लिहायला घेतलं. चाचा गावी वारले, तरी ते पुरं झालं नाही. पुढे मीही दोहा सोडला, तेव्हा नळी केरळच्या एका नव्या मुलीच्या हाती दिली. तिला ते मराठी अक्षर वाचता येईना. इथं काय लिहिलंय, तिनं विचारलं.

"कंट्रोल," मी म्हणालो.